स्वादुपिंडाच्या सिस्टचं ऑपरेशन आणि रक्तवाहिन्या: आधी काय विचारायचं, नंतर काय बघायचं

स्वादुपिंडात सिस्ट आहे, काढावी लागेल असं कळलं की घरातले सगळे कॅन्सरबद्दल विचारतात, टाके किती पडतील, डिस्चार्ज कधी, शुगर वाढेल का ते विचारतात. रक्तवाहिन्यांबद्दल जवळपास कोणीच विचारत नाही. आणि ह्या ऑपरेशननंतर चांगला चाललेला पेशंट तासाभरात अत्यवस्थ होतो ना, तेव्हा कारण पुष्कळदा तिथेच असतं, एखाद्या धमनीत नाहीतर शिरेत. माझं काम ह्याच पेशंट्सबरोबरचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते, पेशंटसाठी आणि त्याहून जास्त त्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसासाठी, कारण काहीतरी बदललंय हे बऱ्याचदा सगळ्यात आधी त्यालाच दिसतं.

बहुतेक पेशंट नीट घरी जातात, हे आधीच सांगते. पण ज्यांना मोठा रक्तस्राव होतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना त्याच्या काही तास किंवा एखाददोन दिवस आधी एक छोटा रक्तस्राव होऊन थांबलेला असतो. तो कोणी मनावर घेतला की नाही ह्यावर पुढचं सगळं ठरतं. बाकीचं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा.

पायरी १: आतला नकाशा समजून घ्या

स्वादुपिंड जठराच्या पाठीमागे, मणक्यावर आडवं पडलेलं असतं. उजवीकडचं डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेलं, मग मान, मग धड, आणि डावीकडची शेपटी थेट प्लीहेला म्हणजे स्प्लीनला टेकलेली. वरच्या कडेने नागमोडी जाते ती स्प्लीनची धमनी. पाठीमागे चिकटून धावते ती स्प्लीनची शीर, आणि तिच्यात स्वादुपिंडातून कितीतरी बारीक नाजूक फांद्या येऊन मिळतात ज्या जरा ओढल्या गेल्या की फाटतात. मानेच्या बरोबर मागे ही शीर आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेला मिळते आणि तिथून पोर्टल व्हेन बनून लिव्हरकडे जाते, लिव्हरला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश रक्त ह्याच शिरेतून येतं. डोकं आणि मान ह्यांच्या सीमेवरून गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी खाली उतरते, हे नाव जरा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. आणि शेजारी आतड्याची मुख्य धमनी, जिला खरी इजा झाली तर लहान आतड्याचा रक्तपुरवठाच धोक्यात येतो.

म्हणजे सर्जन जिथे हात घालतो तिथे चारही बाजूंनी मोठ्या रक्तवाहिन्या. पण नुसतं तेवढंच असतं तर प्रश्न ऑपरेशन टेबलवरच संपला असता. खरी अडचण स्वादुपिंडाच्या रसाची आहे. हा रस प्रोटीन आणि चरबी पचवायला बनलेला, आणि रक्तवाहिनीची भिंत पण प्रोटीनचीच. स्वादुपिंडाच्या कापलेल्या टोकातून किंवा आतड्याशी केलेल्या जोडातून रस गळायला लागला, त्यात इन्फेक्शन झालं, की तो शेजारच्या धमनीची भिंत हळूहळू कुरतडतो. मग भिंतीला एका जागी भोक पडतं आणि बाहेर आलेलं रक्त तिथेच फुग्यासारखं साठतं, ह्याला स्यूडोअ‍ॅन्युरिझम म्हणतात, आणि तो फुटला की धमनीचा रक्तस्राव, म्हणजे जोराचा. ह्याला दिवस लागतात. म्हणूनच ऑपरेशन उत्तम झालं, तिसऱ्या दिवशी पेशंट चालायला लागला, आणि दहाव्या दिवशी रक्तस्राव झाला असं होऊ शकतं, ह्यात सर्जनने टाका नीट मारला नाही असंच असतं असं नाही.

पायरी २: सिस्ट कुठल्या प्रकारची आहे ते विचारा

सगळ्या सिस्टना एकच नाव असलं तरी धोका वेगवेगळा असतो. एक मोठा गट म्हणजे स्यूडोसिस्ट, स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यावर जमलेलं पाणी, ज्याच्याभोवती भिंत तयार व्हायला साधारण चार आठवडे लागतात. ही बहुतेक वेळा कापून काढत नाहीत, जठरात किंवा आतड्यात उघडून देतात, तोंडातून घातलेल्या एंडोस्कोपीतून, पोटाला छोटी भोकं पाडून दुर्बिणीतून किंवा पोट उघडून. इथे रक्तवाहिन्यांचा धोका ऑपरेशनच्या आधीपासूनच असतो, कारण सूज येऊन गेलेल्या जागी स्प्लीनची शीर गुठळीने बंद झालेली असू शकते आणि स्यूडोअ‍ॅन्युरिझम सिस्टच्या भिंतीतच लपलेला असू शकतो.

दुसरा गट गाठीसारख्या सिस्टचा. म्युसिनस सिस्ट, जी बहुतेक बायकांमध्ये आणि धड किंवा शेपटीत सापडते, आयपीएमएन म्हणजे नळीतून वाढणारी चिकट पाण्याची सिस्ट, आणि सिरस सिस्ट, जी जवळपास नेहमीच साधी असते आणि त्रास नसेल तर तिला हात लावायचंही कारण नसतं. आयपीएमएनमध्ये मुख्य नळी १० मिमी किंवा जास्त फुगलेली, आत ५ मिमी किंवा मोठी गाठ जी कॉन्ट्रास्टने म्हणजे स्कॅनसाठी शिरेतून देतात त्या औषधाने उजळते, किंवा स्वादुपिंडाच्या डोक्यातल्या सिस्टमुळे कावीळ, ह्यातलं काही असेल तर ऑपरेशनकडे कल जातो.

हे एवढ्यासाठी सांगतेय की ऑपरेशन खरंच हवंय का, की दर काही महिन्यांनी स्कॅन करत लक्ष ठेवलं तर चालेल, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. रक्तस्रावाचा धोका टाळायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे गरज नसलेलं ऑपरेशन न करणं, आणि चांगला सर्जन ह्या प्रश्नाने नाराज होत नाही.

पायरी ३: सीटीमध्ये रक्तवाहिन्या नीट बघितल्यात का

सोनोग्राफीवर किंवा साध्या सीटीवर ठरवून थेट सिस्ट मोकळी करायला जाऊ नये. कॉन्ट्रास्ट देऊन धमन्यांचा वेगळा आणि शिरांचा वेगळा फेज घेतलेला सीटी हवा. रिपोर्ट हातात आला की चार गोष्टींबद्दल डॉक्टरांना सरळ विचारा.

सिस्टच्या आत किंवा भिंतीत स्यूडोअ‍ॅन्युरिझम आहे का, हा पहिला प्रश्न. धमनीच्या फेजमध्ये तो सिस्टमध्ये उजळ पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो, शेजारच्या धमनीइतकाच उजळ. सगळ्यात जास्त वेळा तो स्प्लीनच्या धमनीवर असतो, त्याखालोखाल गॅस्ट्रोड्युओडेनलवर. असा ठिपका असताना सिस्टमध्ये सुई किंवा स्टेंट घातला तर बाहेरून दाबून धरणारं पाणी निघून जातं आणि फुगा फुटू शकतो. त्यामुळे आधी तो अँजिओग्राफीतून बंद करायचा आणि मगच सिस्टला हात लावायचा. पेशंटला पूर्वी कधी काळ्या रंगाची शी झाली असेल, विनाकारण हिमोग्लोबिन उतरलं असेल, किंवा सिस्ट अचानक मोठी होऊन दुखायला लागली असेल तर हे आवर्जून सांगा. कधीकधी असं रक्त स्वादुपिंडाच्या नळीतून आतड्यात उतरतं, थोडं येतं, थांबतं, परत येतं, आणि एंडोस्कोपी केली त्या वेळी थांबलेलं असलं तर एंडोस्कोपी नॉर्मल येते. नॉर्मल एंडोस्कोपीवर समाधान मानून घरी गेलेले पेशंट परत येतात, म्हणून पोटदुखीबरोबर काळी शी आणि स्वादुपिंडाचा जुना आजार अशी जोडी दिसली की सीटी अँजिओ म्हणजे धमन्या दाखवणारा सीटी मागायचाच.

दुसरा प्रश्न, स्प्लीनची शीर चालू आहे का. ती बंद असेल तर स्प्लीनचं रक्त जठराच्या शिरांमधून वाट काढतं आणि जठराच्या वरच्या भागात त्या शिरा फुगतात. लिव्हर एकदम चांगलं असलेल्या माणसालाही ह्यातून रक्ताची उलटी होऊ शकते. आणि जठरातून सिस्ट मोकळी करायची असेल तर वाटेत ह्याच फुगलेल्या शिरा येतात. म्हणून एंडोस्कोपीतून करताना टोकाला सोनोग्राफी असलेली दुर्बीण वापरून, डॉप्लरने म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने मधे रक्तवाहिनी नाही ना हे बघून मग छेद देतात.

तिसरा आणि चौथा प्रश्न स्वादुपिंडाच्या डोक्याच्या ऑपरेशनसाठी, ज्याला व्हिपल म्हणतात. लिव्हरची उजवी धमनी काही जणांत नेहमीच्या जागेवरून न निघता आतड्याच्या मुख्य धमनीतून निघते आणि स्वादुपिंडाच्या डोक्यामागून वर जाते. हे दुर्मिळ नाही, साधारण दहा माणसांत एकाला असतं. माहीत नसेल तर ती कापली जाऊ शकते. आणि सीलिअ‍ॅक म्हणून जी मोठी धमनी लिव्हर, जठर, स्प्लीनला रक्त देते तिच्या तोंडाशी अरुंदपणा असेल तर लिव्हरला रक्त उलट्या वाटेने, गॅस्ट्रोड्युओडेनलमधून मिळत असतं. व्हिपलमध्ये तीच धमनी बांधून कापायची असते. म्हणून सर्जन ती कापायच्या आधी थोडा वेळ चिमटा लावून लिव्हरच्या धमनीचे ठोके लागतात का ते बघतो. ठोके गेले तर प्लॅन बदलतो. "ही टेस्ट तुम्ही करता ना" असं विचारायला काहीच हरकत नाही.

पायरी ४: गोळ्या, रक्त, लस

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नका. वॉर्फरिन साधारण ५ दिवस आधी, क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी, नवीन गोळ्या म्हणजे अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन वगैरे साधारण २ ते ३ दिवस आधी थांबवतात, किडनी कमकुवत असेल तर त्याआधी. हृदयात स्टेंट टाकून वर्ष झालेलं नसेल तर सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर ह्या दोघांनी एकमेकांशी बोलून ठरवायला हवं. तुमच्यामार्फत निरोप देऊन नाही, थेट बोलून.

कावीळ असेल तर व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो, त्यामुळे आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी बघून व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देतात. रक्तगट आणि क्रॉसमॅच झालंय का ते आदल्या दिवशी विचारा.

शेपटीचं ऑपरेशन असेल आणि स्प्लीन काढावी लागण्याची शक्यता असेल तर न्युमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस ह्यांच्या लसी शक्यतो २ आठवडे आधी घ्याव्यात. राहिल्या तर नंतर साधारण २ आठवड्यांनी. ह्याचा रक्तस्रावाशी संबंध नाही पण ऑपरेशनच्या गडबडीत हे हमखास राहून जातं.

पायरी ५: सर्जनशी बोलताना

शेपटीची सिस्ट काढताना स्प्लीन वाचवता येते का हा मोठा प्रश्न असतो आणि वाचवायच्या दोन पद्धती आहेत. एकीत स्प्लीनची धमनी आणि शीर दोन्ही जपून स्वादुपिंड त्यांच्यापासून सोडवतात, ही किमुरा पद्धत, १९९६ मधली. वेळखाऊ, कारण त्या नाजूक फांद्या एकेक करून बांधाव्या लागतात. दुसरीत दोन्ही कापतात आणि स्प्लीनला जठराकडून येणाऱ्या छोट्या धमन्यांवर सोडतात, ही वॉर्शॉ पद्धत, १९८८ मधली. दुसरी सोपी आणि कमी रक्त जाणारी वाटते पण त्यात स्प्लीनचा काही भाग मरू शकतो, म्हणजे इन्फार्क्ट, आणि काही वर्षांनी जठराभोवती फुगलेल्या शिरा स्कॅनवर दिसू शकतात. माझं मत विचाराल तर जमत असेल तिथे पहिली, पण शिरेला गाठ चिकटलेली असेल किंवा कॅन्सरची शंका असेल तर स्प्लीन वाचवायचा हट्ट पेशंटने किंवा नातेवाईकांनी धरू नये.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला विचारायला सांगते. रात्री रक्तस्राव झाला तर अँजिओग्राफीतून कॉइल म्हणजे धमनी बंद करणारी धातूची तार टाकणारा डॉक्टर इथे किती वेळात येतो? हा प्रश्न ऐकायला उद्धट वाटतो पण नाहीये. ह्या ऑपरेशनमध्ये कापण्याइतकंच महत्त्व नंतरच्या अडचणी वेळेवर ओळखून सांभाळण्याला आहे, आणि ज्या ठिकाणी स्वादुपिंडाची ऑपरेशनं नेहमी होतात तिथे सिस्टरपासून रेडिओलॉजिस्टपर्यंत सगळ्यांना काय बघायचं ते माहीत असतं. उत्तर "आमच्याकडे ती सोय नाही, पाठवावं लागेल" असं असेल तर ऑपरेशन ठरवायच्या आधी त्याचा विचार करा, नंतर नाही.

पायरी ६: पहिले २४ तास

२००७ साली स्वादुपिंडाच्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय गटाने रक्तस्रावाची व्याख्या ठरवली, त्यात २४ तासांच्या आतला तो लवकरचा आणि नंतरचा तो उशिराचा असे दोन भाग केले. लवकरच्या रक्तस्रावाचं कारण बहुतेक वेळा सरळ असतं, एखादा टाका किंवा क्लिप सुटली, एखादी फांदी ऑपरेशनच्या वेळी बीपी कमी असल्याने गप्प होती ती नंतर सुरू झाली, किंवा रक्त नीट गोठत नाहीये. पेशंट आयसीयूत असतो, लक्ष असतं, जोराचा असेल तर परत ऑपरेशनला नेऊन बांधतात. परत नेलं म्हणजे सगळं बिघडलं असं समजू नका, लवकर परत नेणं हे चांगलं लक्षण आहे.

ड्रेनमध्ये, म्हणजे आतलं पाणी बाहेर यायला पोटात ठेवलेल्या नळीत, पहिल्या दिवशी लालसर पाणी असणं नॉर्मल. ते हळूहळू फिकट होत जायला हवं.

पायरी ७: तिसऱ्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत

इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण इथे पेशंट बरा दिसतो, आयसीयूतून वॉर्डात येतो, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि नेमकं ह्याच काळात तो रस आपलं काम करत असतो.

तिसऱ्या दिवशी किंवा नंतर ड्रेनच्या पाण्यातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं एक एन्झाइम, तपासतात. ते रक्तातल्या नॉर्मलच्या कमाल पातळीच्या तिप्पटीहून जास्त असेल तर रस गळतोय. नुसता आकडा जास्त आणि पेशंट ठणठणीत असेल तर बऱ्याचदा काही करावं लागत नाही, पण त्याच्याबरोबर ताप, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, ड्रेनचं पाणी गढूळ किंवा दुर्गंधी असं असेल तर त्या पेशंटला उशिराच्या रक्तस्रावाचा धोका जास्त आहे हे धरून चाला. तो आकडा स्वतः विचारून वहीत लिहून ठेवा.

आता ड्रेन कसा बघायचा. पिशवी बघून फसायला होतं, कारण पिशवीत सकाळपासूनचं सगळं मिसळलेलं असतं. नळी बघा. पोटातून बाहेर आल्यावर पहिल्या वीतभर नळीत जे आहे ते आत्ताचं. ती उजेडात धरा, मोबाईलचा टॉर्च मागून लावला तरी चालेल. गव्हाळ पिवळसर पाणी येत होतं आणि त्यात आता ताजा लाल धागा दिसतोय, किंवा नळीत गडद लाल गुठळी अडकली आहे, तर लगेच सिस्टरला दाखवा, वेळ लिहा, फोटो काढा. फोटोचा फायदा असा की पुढच्या शिफ्टचा डॉक्टर येईपर्यंत ते वाहून गेलेलं असतं आणि मग तुमच्या शब्दावर राहतं. आणि रोज दीडशे मिली येणारा ड्रेन अचानक शून्य झाला तर खूश होण्याआधी तो गुठळीने बंद तर झाला नाही ना हे विचारा.

ड्रेनमध्ये चमचाभर ताजं रक्त, नाकातल्या नळीतून लाल पाणी, एक उलटी ज्यात थोडं रक्त होतं, किंवा एकदा झालेली काळी चिकट डांबरी शी. आली आणि थांबली. बीपी चांगलं, पेशंट बोलतोय. हीच ती छोटी सूचना. अशा वेळी "ड्रेन आत घासला असेल", "टाक्यातून थोडं आलं असेल" अशी समजूत काढली जाते, आणि काही वेळा ती खरीही असते. पण ऑपरेशनच्या पहिल्या आठवड्यानंतर आणि त्यातही रस गळत असताना आलेलं कुठलंही ताजं रक्त हे सीटी अँजिओ करून स्यूडोअ‍ॅन्युरिझम नाही हे सिद्ध होईपर्यंत धोक्याचंच मानायचं. थांबलं म्हणून टळलं असं नाही. आवाज न चढवता पण ठामपणे विचारा: "ही मोठ्या रक्तस्रावाआधीची खूण असू शकते का, सीटी अँजिओ करायचा का, मोठ्या सरांना कळवलंय का?" हे तीन प्रश्न पुरेसे आहेत.

बीपीवर विसंबू नका. धडधाकट मोठ्या माणसाचं साधारण ७५० मिली रक्त जाईपर्यंत पल्स आणि बीपी दोन्ही जवळपास नॉर्मल राहू शकतात. त्यानंतर पल्स १०० च्या वर जाते, माणूस अस्वस्थ होतो, घाम येतो. बीपी खरं पडतं ते दीड लिटरच्या आसपास गेल्यावर. हिमोग्लोबिनही लगेच उतरत नाही, शरीरातलं पाणी रक्तात यायला वेळ लागतो, त्यामुळे आत्ता काढलेलं हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणून निश्चिंत होता येत नाही, चार सहा तासांनी परत करायला हवं. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची पल्स तर वाढणारही नाही कदाचित, ते सांगून ठेवा. चढती पल्स आणि "काहीतरी बरं वाटत नाहीये" असं पेशंटचं म्हणणं, ह्या दोन्ही गोष्टी मॉनिटरवरच्या बीपीपेक्षा जास्त खऱ्या.

लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते हे खरं आहे. पण ती साधारण घट्ट असते. रक्ताची काळी शी चकचकीत, चिकट, आणि तिला एक वेगळाच उग्र वास असतो जो एकदा घेतला की विसरत नाही.

पायरी ८: रक्तस्राव झालाच तर

पेशंट स्थिर असेल तर पहिली गोष्ट सीटी अँजिओ, मग अँजिओग्राफी. मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी धमनीत घालून फुटलेल्या जागेपर्यंत नेतात आणि धातूच्या कॉइल्स सोडून ती धमनी बंद करतात. गॅस्ट्रोड्युओडेनलसारख्या धमनीला दोन्हीकडून रक्त येऊ शकतं, त्यामुळे नुसती अलीकडून बंद करून भागत नाही, फुग्याच्या पलीकडे आणि अलीकडे दोन्हीकडे कॉइल लागतात. स्प्लीनची धमनी बंद केली तर स्प्लीनला थोडी इजा होते, डावीकडे दुखतं, ताप येतो, बहुतेक वेळा निभावतं. लिव्हरच्या मुख्य धमनीवर फुगा असेल तर ती बंद करणं जोखमीचं, कारण व्हिपलनंतर लिव्हरला येणाऱ्या बाजूच्या वाटा आधीच कमी झालेल्या असतात, तिथे जमलं तर कापड चढवलेला स्टेंट बसवून भोक झाकतात आणि रक्त पुढे वाहतं ठेवतात. असा स्टेंट बंद पडू नये म्हणून मग रक्त पातळ करायची गोळी द्यावी लागते, ज्याला आत्ताच रक्तस्राव झालाय त्यालाच ही गोळी का असं वाटतं, पण त्यामागे हे कारण आहे.

बीपी सांभाळलंच जात नसेल तर थेट ऑपरेशन. आत सगळं सुजलेलं, चिकटलेलं असतं, धमनीची भिंत टाका धरत नाही, म्हणून जमेल तिथे अँजिओग्राफीला आधी पसंती असते. नुसती एंडोस्कोपी जोडाच्या जागेवरचा रक्तस्राव थांबवू शकते, पण मागच्या धमनीचंच रक्त जोड कुरतडून आतड्यात येत असेल तर एंडोस्कोपीला फक्त रक्त दिसतं, उगम दिसत नाही.

कॉन्ट्रास्टने किडनीला त्रास होईल का हा प्रश्न येतो. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डॉक्टर त्याची काळजी घेतात, पण धमनीतून रक्त जात असताना त्या काळजीपोटी सीटी लांबवू नये. कॉइल टाकून रक्त थांबलं तरी रस गळणं थांबलेलं नसतं, ड्रेन नीट चालू ठेवणं, साठलेलं पाणी काढणं, इन्फेक्शन आटोक्यात आणणं हे चालूच राहतं, नाहीतर दुसऱ्या जागी परत होतं.

पायरी ९: रक्त गोठल्यामुळे होणारे त्रास

रक्तवाहिनीचा त्रास म्हणजे फक्त रक्त जाणं नाही. स्प्लीनची शीर कापल्यावर तिच्या उरलेल्या टोकात गुठळी होऊन ती पोर्टल व्हेनपर्यंत सरकू शकते. पोट दुखणं, फुगणं, कारण नसताना ताप, पोटात पाणी, किंवा काहीच नाही आणि सीटीत दिसलं, असं कसंही समजतं. उपचार रक्त पातळ करण्याचा, आणि कधी सुरू करायचा हा निर्णय नाजूक, कारण दुसरीकडे रस गळत असेल तर रक्तस्रावाचीही भीती. व्हिपलनंतर पहिल्या एकदोन दिवसांत एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी हजारांत गेली तर लिव्हरचा रक्तपुरवठा डॉप्लरने किंवा सीटीने लगेच बघायला हवा, धमनीत गुठळी असेल तर तासांवर खेळ असतो.

पायातल्या शिरांची गुठळी वेगळी. पोटरी एका बाजूला सुजणं, दुखणं, आणि अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं. त्यासाठी हेपरिनची इंजेक्शनं देतात, कॅन्सरचं ऑपरेशन असेल तर बऱ्याचदा एकूण ४ आठवड्यांपर्यंत, म्हणजे घरी गेल्यावरही. स्प्लीन काढल्यावर प्लेटलेट्स वाढतात, कधी १० लाखांच्या वर, तेव्हा काही डॉक्टर अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. पहिल्या दिवसापासून उठून चालणं ह्याला पर्याय नाही, दुखतंय म्हणून पेशंटला पडून ठेवू नका, दुखण्याचं औषध मागा आणि चालवा.

पायरी १०: एंडोस्कोपीतून स्टेंट टाकला असेल तर

जठरातून सिस्टमध्ये रुंद धातूचा स्टेंट टाकला की पाणी भराभर निघतं, सिस्ट बसते, आणि मग स्टेंटचं आतलं टोक मागच्या धमनीला घासायला लागतं. म्हणून ३ ते ४ आठवड्यांनी सीटी करून सिस्ट बसली असेल तर तो स्टेंट काढायचा असतो. बरं वाटायला लागलं की लोक ही तारीख पुढे ढकलतात. ढकलू नका. तारीख कॅलेंडरवर, दोन जणांच्या मोबाईलमध्ये लावून ठेवा.

पायरी ११: घरी गेल्यावर

उशिराचा रक्तस्राव डिस्चार्जनंतरही होतो. त्यामुळे निघताना एका कागदावर लिहून घ्या: कुठलं ऑपरेशन झालं, कुठल्या धमन्या किंवा शिरा बांधल्या, स्प्लीन आहे का, कॉइल किंवा स्टेंट आहे का, रस गळत होता का, आणि रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा. दुसऱ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरला हा कागद दाखवून पहिलं वाक्य हेच बोला की स्वादुपिंडाचं ऑपरेशन झालंय आणि रक्त येतंय. नुसतं उलटी झाली, चक्कर आली म्हणालात तर सलाईन लावून बसवतील आणि त्यात वेळ जाईल.

ड्रेन घरी घेऊन आला असाल तर नळी बघायची सवय चालू ठेवा. नळीत ताजं रक्त, रक्ताची उलटी, काळी चिकट शी, उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी, ह्यातलं काहीही एकदा जरी झालं तरी त्याच रात्री निघायचं, सकाळी ओपीडीत दाखवू असं नाही. स्प्लीन काढलेली असेल तर थंडी वाजून आलेला ताप हाही थांबायचा ताप नाही, तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं.

आणि ज्यांची स्प्लीनची शीर बंद आहे असं रिपोर्टमध्ये लिहिलंय, किंवा ज्यांची स्प्लीन वॉर्शॉ पद्धतीने वाचवली आहे, त्यांनी ती ओळ पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दाखवावी. जठरातल्या फुगलेल्या शिरा वर्षानुवर्षं गप्प राहू शकतात. त्यातून रक्त आलं तर साधा अल्सर समजून उपचार सुरू होऊ शकतात, आणि रक्त येणाऱ्या पेशंटमध्ये खरा उपाय, म्हणजे स्प्लीन काढणं किंवा तिची धमनी बंद करणं, ह्याचा विचार तेव्हाच होतो जेव्हा समोरच्याला माहीत असतं की ही शीर बंद आहे.